तळेगिरीच्या रिबकामावशी

रिबकामावशींच्या तोंडात कायम टाचण्या असायच्या. ओठांच्या एका कोपऱ्यात चार-पाच टाचण्या धरून त्या शिवायच्या, बोलायच्या आणि समोरचा चुकला तर त्याला दुरुस्तही करायच्या. "ते तसं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हवापाण्याबद्दल कुणी चुकीचं बोललं तर त्या सोडून देत. तळेगिरीच्या मंडळीबद्दल बोललं तर मात्र टाचण्या हातात यायच्या आणि सुरुवात व्हायची.

तळेगिरी म्हणजे कोल्हापूरच्या पुढं असलेलं आमचं गाव. तिथं शंभरेक वर्षांपूर्वी एक गोरा साहेब आणि त्याची बायको बैलगाडीतून आली, आणि त्यांच्यामागं आमची मंडळी उभी राहिली. आम्ही ब्रदरन, ख्रिस्ती लोकांतला एक साधा पंथ. आमच्यात पाळक नसतो, झगा नसतो, पेटी-तबलाही नसतो. कुणीही भाऊ उभा राहतो, प्रार्थना करतो, एखादं गीत सांगतो. बहिणी डोक्यावर पदर घेऊन बसतात आणि सभेत बोलत नाहीत. आठवड्यातून एकदा भाकर मोडतात आणि प्याला हातोहात फिरतो. गावाकडं हे रविवारी व्हायचं. मी नोकरीला होतो त्या शारजात सुट्टी शुक्रवारी, म्हणून शुक्रवारी. चर्चच्या आवारातली एक खोली आम्हाला दोन तास मिळायची, मल्याळी मंडळींच्या नंतर आणि तामिळींच्या आधी. आम्ही आत शिरायचो तेव्हा खुर्च्या अजून गरम असायच्या.

लग्नानंतर स्मिताला घेऊन मी पहिल्यांदा त्या खोलीत गेलो, तेव्हा सभा संपल्यावर एक ठेंगणी, काळीसावळी बाई थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कोणाच्यातला तू?"

"कांबळे. प्रभाकर कांबळ्यांचा मुलगा."

"प्रभाकर म्हणजे इस्राएलचा. म्हणजे तू पागोटेवाल्याचा पणतू."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. माझ्या पणजोबांचा बाप्तिस्मा पाटलांच्या विहिरीत झाला होता. साहेबांनी सांगितलं, पागोटं काढा. पणजोबा म्हणाले, देवासमोर बोडक्या डोक्यानं जायचं नाही. शेवटी साहेबांनी त्यांना पागोट्यासकट बुडवलं. वर आले ते पागोटं सुटून विहिरीभर पसरलेलं, आणि काठावरचे लोक हसून लोळत होते.

"पप्पा तर म्हणायचे पागोटं विहिरीतच हरवलं," मी म्हणालो.

"ते तसं नाही. पाटलांनी काढून दिलं होतं. वाळत घातलं ते शेळीनं खाल्लं."

मला माझ्या घराबद्दल माझ्या बापापेक्षा जास्त माहीत असलेली बाई शारजात भेटावी, याची मला गंमत वाटली. नंतर कळलं की हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं. सात कुटुंबं आणि दहा-बारा सडी माणसं, एवढीच आमची तिथली मंडळी. त्यातल्या प्रत्येकाची चार पिढ्यांची हकिगत मावशींना पाठ होती. कुणाची आजी दुष्काळात साहेबांच्या दारात टोपलीत सापडली, सभागृहाच्या फरशीसाठी कुणी किती दगड वाहिले, कुणी बायबल विकत घ्यायला कोंबड्या विकल्या. पडद्यांच्या ऑर्डरचे फॉर्म त्यांच्याकडं गठ्ठ्यानं असायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात त्या हे सगळं लिहून काढत होत्या. तळेगिरीच्या सभागृहाला शंभर वर्षं होणार होती. त्यांचे धाकटे भाऊ प्रकाश आढाव तिथले वडील, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे. पुस्तिका काढायचं ठरलं तेव्हा त्यांनी बहिणीलाच लिहायला सांगितलं होतं.

मावशींची नोकरी पडदे शिवण्याची. लग्न केलेलं नव्हतं. बारा वर्षं एकाच कंपनीत, दुबईतल्या टॉवरांना आणि व्हिलांना पडदे. कुणाच्याही घरी गेल्या की आधी खिडकीकडं बघायच्या आणि माप सांगायच्या. "दोन मीटर दहा. झालर नको, धूळ बसते." टेप लावून बघितलं तर बोटभरही फरक निघत नसे.

मंदी आली तेव्हा त्यांच्याकडं एका टॉवरचं काम होतं, चाळीस मजल्यांचं. सगळे पडदे शिवून, इस्त्री करून, मजल्यांचे नंबर लावून तयार होते. टॉवर बाराव्या मजल्यावर थांबला. मावशी म्हणायच्या, "अठ्ठावीस मजल्यांचे पडदे आहेत, मजलेच नाहीत." आम्ही हसायचो. माझ्या ऑफिसातही तेव्हा रोज एखादी खुर्ची रिकामी दिसायची, पण ते हसण्यावारी न्यायची सवय लागली होती.

मग एका रविवारी सकाळी त्या कामावर गेल्या तर शटर बंद. शेठ दोन दिवसांपूर्वीच देश सोडून गेला होता. दुपारी कोर्टाची माणसं आली आणि दाराला सील लावून गेली. आत मशीन, कापडाचे तागे आणि शेठच्या कपाटात एकवीस कामगारांचे पासपोर्ट. पासपोर्ट कंपनीनंच ठेवून घ्यायचे, असं तेव्हा सगळीकडंच चालायचं. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. महिन्याभरात मावशींचा व्हिसा संपला. राहायची जागा कंपनीची होती, तिथली आधी वीज तोडली, मग पाणी. स्मितानं मला विचारलंसुद्धा नाही. गाडी काढायला लावली आणि मावशींना, त्यांच्या ट्रंकेला आणि त्या फॉर्मच्या गठ्ठ्याला घरी घेऊन आली.

त्या आमच्या हॉलमध्ये चौदा महिने राहिल्या.

कागद नसलेला माणूस कसा जगतो ते मी तेव्हा पाहिलं. मावशी बसमध्ये चढत नसत, कारण बसमध्ये तपासणी व्हायची. खालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, जात नसत. शुक्रवारी माझ्या गाडीतून सभेला आणि तिथून परत, एवढंच त्यांचं बाहेर जाणं. गाडीतही मागच्या सीटवर बसून पदर कपाळापर्यंत ओढून घ्यायच्या. एकदा कचऱ्याची पिशवी टाकायला त्या लिफ्टपर्यंत गेल्या. लिफ्टचं दार उघडलं आणि आत गणवेशातला माणूस. तो एसी दुरुस्त करणारा पाकिस्तानी होता. त्यानं सलामसुद्धा केला. मावशी मागं फिरल्या, घरात आल्या आणि बाथरूमला कडी घालून बसल्या. स्मिता दार वाजवत होती, "मावशी, एसीवाला होता तो, खलास, गेला." तासाभरानं बाहेर आल्या तेव्हा हातात ती कचऱ्याची पिशवी तशीच होती.

घरात मात्र त्या क्षणभर रिकाम्या बसत नसत. आमच्या पडद्यांची झालर त्यांनी पहिल्याच आठवड्यात उसवून टाकली. आमच्या मुलीला मराठीतून बायबलची वचनं पाठ करून द्यायच्या. ती "ओके आंटी" म्हणाली की म्हणायच्या, "आंटी नाही. आजी म्हण, तुझ्या आजीची मी वर्गमैत्रीण." आणि संध्याकाळी हॉलच्या खिडकीपाशी बसून लिहायच्या. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची भिंत आणि एसीच्या पेट्या एवढंच दिसायचं.

पासपोर्टसाठी धावपळ केली ती सुधीर साळवेनं. सुधीर एका टायपिंग सेंटरमध्ये होता. लोकांचे अरबी अर्ज टाइप करून द्यायचं त्याचं काम, त्यामुळं कुठल्या खिडकीवर कुठला कागद लागतो हे त्याला माहीत. पस्तिशीचा, कमी बोलणारा माणूस. दर बुधवारी तो कोर्टातून थेट आमच्याकडं यायचा, बूट दारात काढायचा आणि सांगायचा, "मावशी, फाइल वरच्या मजल्यावर गेली. इन्शाल्ला पुढच्या आठवड्यात." दुसऱ्या आठवड्यात फाइल खाली आलेली असायची.

आता साळवे आणि आढाव यांचं सांगायला हवं. तळेगिरीत एकाच गल्लीत ब्रदरनांची दोन सभागृहं आहेत. एक जुनं, आढावांचं. दुसरं पत्र्याचं, साळव्यांचं. दोघांचं बायबल एक, गीतांचं पुस्तक एक, पण चाळीस वर्षं एकमेकांबरोबर भाकर मोडलेली नाही. आम्हा मुलांना सांगितलेलं कारण म्हणजे शिकवणुकीतला काहीतरी बारीक मतभेद. शारजात खोली एकच आणि वेळ दोनच तास, त्यामुळं तिथं आम्ही सगळे एकत्र बसायचो. तो विषय कुणी काढत नसे.

एका बुधवारी सुधीर आला आणि म्हणाला, "मावशी, वीस-एक दिवसांत सील उघडतील. कोर्टातला साहेब बरा वाटला. माझ्या आईनंही तुमच्यासाठी प्रार्थना चालवलीय, फोनवर विचारते रोज."

मावशींच्या हातात सुई होती. ती त्यांनी पदरात खोचली.

"शलोमीकाकू विचारतात?"

"हो. म्हणते, आढावाची असली म्हणून काय झालं, परक्या मुलखात अडकलीय."

स्मिता चहा घेऊन आली होती. मी दारात उभा होतो. आम्ही आत जावं असं मला वाटलं, पण मावशी म्हणाल्या, "थांबा. तुम्ही दोघं पण ऐका. मी हे लिहायला बसते आणि दरवेळी इथंच येऊन थांबते." मग सुधीरकडं बघून म्हणाल्या, "आपल्या दोन सभागृहांचं कारण तुला काय सांगितलंय?"

"माझ्या आईनं तळ्याकाठच्या देवीला नवस केला, असा आरोप होता," सुधीर म्हणाला. "तुमच्या वडिलांनी भर सभेत तिला उभं केलं. ती नाही म्हणाली. तरी सहभागितेतून काढलं, भाकर-प्याला बंद केला. मग आमची सगळी माणसं उठली."

"ते तसं नाही," मावशी म्हणाल्या. या वेळी आवाज अगदी खाली होता. "नवस माझ्या आईनं केला होता. प्रकाश तेव्हा वर्षाचा होता, तापानं फणफणलेला, अठरा दिवस. डॉक्टरनं हात टेकले. आई देवीची ओटी भरून आली. मी सोबत होते, अकरा वर्षांची. कुणीतरी अप्पांना सांगितलं, मंडळीतली एक बाई देवळात दिसली. अप्पांनी मला विचारलं, तू तळ्याकडं गेली होतीस, कोण होतं? त्या दिवशी शलोमीकाकू तळ्यावर धुणं धूत होत्या. मी त्यांचं नाव सांगितलं."

स्मितानं हातातला चहा टेबलावर ठेवला.

"आई तिथंच भाकरी थापत होती," मावशी म्हणाल्या. "तिचा हात थांबला नाही. मला वाटलं ती म्हणेल, पोर खोटं बोलतेय. ती भाकरी तव्यावर टाकून दुसरा गोळा घेऊन बसली. आणि मला कळलं की आता हे असंच राहणार."

सुधीरनं चहा बाजूला सरकवला. मग विचारलं, "चाळीस वर्षांत एकदाही नाही?"

"आई होती तोवर आईसाठी. मग अप्पांसाठी. मग सवय झाली म्हण."

"माझी आजी माझ्या आईशी मरेपर्यंत बोलली नाही. नवसाच्या संशयावरून. हे तुमच्या कागदात आहे का?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "मला माहीत नव्हतं."

सुधीर उठला. चहा तसाच राहिला. बूट घालताना त्याला नाडी बांधता येईना, शेवटी तशीच लोंबती ठेवून तो निघून गेला.

त्याच्यानंतरचा बुधवार आला आणि गेला. तो आला नाही. मी फोन केला, उचलला नाही. शुक्रवारी सभेलाही तो नव्हता. मी मावशींवर थोडा चिडलोच. "अजून पंधरा दिवस थांबला असतात तर? पासपोर्ट हातात आल्यावर सांगता आलं असतं."

"मग ते सांगणं झालं नसतं," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडून काम करून घेऊन मग सांगायचं? ते तर मी तेव्हा केलं त्याहून वाईट."

 त्या आठवड्यांत त्यांनी जेवण जवळजवळ टाकलंच होतं. एकदा त्यांनी मला विचारलं, इथं कागद नसलेलं माणूस मेलं तर कुठं पुरतात. मी म्हणालो, मावशी, असलं काही बोलू नका. त्या म्हणाल्या, "मी नोंदीसाठी विचारते." ते हसणं होतं की काय, मला सांगता येणार नाही.

चौथ्या बुधवारी बेल वाजली. दारात सुधीर. घामानं भिजलेला, हातात प्लास्टिकची पिशवी. तो आत आला नाही. पिशवीतून त्यानं पासपोर्ट काढला. त्याला पडद्याचा एक पितळी हूक अडकलेला होता. तो त्यानं सोडवला.

"सील उघडलं. कपाटातल्या हूकांच्या खोक्यात होते सगळे," तो म्हणाला. "मी आईला फोन केला होता. सगळं सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, हातात घेतलेलं काम अर्धं टाकू नको."

मावशींनी पासपोर्ट घेतला. "आणखी काही म्हणाल्या?"

"म्हणाली, तिला सांग, माझ्या तोंडावर येऊन बोल."

पुढं दंडाच्या माफीचा अर्ज, बोटांचे ठसे, एक्झिटचा शिक्का, यात सहा आठवडे गेले. तेही सगळं सुधीरनंच केलं. मावशींशी तो कामापुरतंच बोलायचा. विमानतळावर मात्र त्यानं त्यांची ट्रंक स्वतः उचलली, कुणाला हात लावू दिला नाही.

गावी काय झालं ते मला फोनवरून तुकड्यातुकड्यानं कळलं. मावशी बसमधून उतरल्या त्या घरी न जाता थेट शलोमीकाकूंच्या दारात गेल्या. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून सगळं बोलल्या. शलोमीकाकू सत्तरीच्या पुढं गेलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? मला तर पहिल्यापासून ठाऊक आहे मी गेले नव्हते. ज्यांच्यासमोर मला उभं केलं त्यांना सांग."

मावशींनी ते प्रकरण लिहून पूर्ण केलं आणि भावाकडं नेलं. प्रकाशकाका वाचून म्हणाले, "आक्का, अप्पा जाऊन वीस वर्षं झाली. आई जाऊन तीस. आता मेलेल्यांना बाहेर काढतेस?"

"तुझ्यासाठीच गेली होती ती देवळात."

"म्हणूनच म्हणतोय," प्रकाशकाका म्हणाले. ते प्रकरण पुस्तिकेत छापलं गेलं नाही. तिथं एकच ओळ आहे: काही मतभेदांमुळे दुसरे सभागृह सुरू झाले. पुस्तिकेवर मावशींचं नाव होतं. त्यांनी प्रत्येक प्रतीवर ते पेनानं खोडलं म्हणे, हाताला लागल्या तेवढ्या प्रतींवर.

साळव्यांच्या सभागृहात मात्र सुधीरच्या थोरल्या भावानं ते उभं राहून वाचलं. मावशी बहिणींच्या बाजूला बसल्या होत्या. वाचून झाल्यावर बायका रडल्या, पुरुषांनी प्रार्थना केली. मावशींना आता तिथंच भाकर घ्यायची होती, पण अडचण निघाली. आमच्यात एका मंडळीतून दुसरीत जायचं तर पहिल्या मंडळीचं शिफारसपत्र लागतं, तोवर भाकर-प्याला मिळत नाही. आढावांच्या सभागृहानं पत्र द्यायला नकार दिला. तेव्हा मावशींनी मला फोन केला. "शारजाच्या मंडळीनं दिलं तर चालेल म्हणतात. तुम्ही सात कुटुंबं आहात. दोन ओळी लिहा."

मी शुक्रवारी विषय काढला. खोलीत आढावांची आणि साळव्यांची माणसं, इतकी वर्षं मिसळून बसलेली. कुणीतरी म्हणालं, पत्र दिलं तर गावचे काय म्हणतील? दुसरा म्हणाला, आपल्यातच फूट पडेल, इथं दुसरी खोली कुठून आणायची? शेवटी, या गोष्टीसाठी अजून प्रार्थना करू, असं ठरलं. तामिळी मंडळी दारात येऊन थांबली होती. आम्ही खुर्च्या सोडल्या. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. मीही नाही. माझी नोकरी तेव्हा जेमतेम टिकून होती आणि रोज संध्याकाळी रस्त्यावरच्या जॅममध्ये दोन तास बसून मी स्वतःला सांगायचो की यापेक्षा मोठ्या काळज्या आहेत मला.

दोन वर्षांनी आम्ही सुट्टीवर तळेगिरीला गेलो. रविवारी सकाळी मी जुन्या सभागृहाच्या दारापर्यंत गेलो आणि मागं वळून पत्र्याच्या सभागृहात शिरलो. गीत चालू होतं. पुढं टेबल, त्यावर पांढऱ्या कापडाखाली भाकर आणि प्याला. टेबलाभोवती बाकं. जे भाकर घेत नाहीत त्यांच्यासाठी दाराशी चार खुर्च्या वेगळ्या ठेवलेल्या होत्या. त्यातल्या एका खुर्चीवर रिबकामावशी. केस पूर्ण पांढरे झालेले. मला बघून त्यांनी पदर सारखा केला आणि मान हलवली. सभेत त्या बोलणार नव्हत्याच. पत्राचं विचारणार नव्हत्या, हेही मला त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं. मी शारजाहून आलेला पाहुणा. माझ्याकडंही पत्र नव्हतं. मी त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसलो.

त्यांच्या शेजारी एक म्हातारी बसली होती, काठी गुडघ्याला टेकवून. मी शलोमीकाकूंना लहानपणानंतर पाहिलं नव्हतं, पण सुधीरचं नाक मी ओळखलं. पुढच्या बाकावर, बहिणींच्या रांगेत, सगळ्यांत कडेला एक जागा रिकामी होती. तिथं उशी ठेवलेली होती.

भाकर मोडली गेली. ताटली पुढच्या रांगेतून फिरू लागली. रिकाम्या जागेपाशी एक तरुण सून थांबली, ताटली हातात धरून मागं वळली आणि हलकेच म्हणाली, "सासूबाई, या ना."

शलोमीकाकूंनी हातानंच नको म्हटलं. सून थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग ताटली पुढं गेली. रिबकामावशींनी म्हातारीच्या दंडाला हात लावून काहीतरी खुणावलं, तुम्ही जा असं. शलोमीकाकूंनी तो हात उचलून परत मावशींच्या मांडीवर ठेवला, वर आपला हात ठेवला, आणि टेबलाकडं बघत बसून राहिल्या.